चिकटपट्टी, लेझर आणि आपलं पाणी
२००४ साली मँचेस्टरमध्ये चिकटपट्टी लावून ग्रॅफाइटचा, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा, एका अणूइतका पातळ थर सोलला. तेच ग्राफीन. २०१० ला नोबेल मिळालं. पण असं सोलून किती मिळणार?

२०१४ ला अमेरिकेच्या राइस विद्यापीठात प्लास्टिकच्या फिल्मवर लेझर फिरवला अन् ग्राफीन तयार! लेझरही नेमप्लेट कापणारा असतो, त्याच जातीचा.

आता आयआयटी मुंबईने त्याच पद्धतीने खारं पाणी गोडं करायचा पडदा बनवलाय. कमळाच्या पानासारखा, पाणी चिकटत नाही. उन्हावर तापतो, ऊन नसेल तर विजेवर.

२०१२-१३ ला मोसंबीच्या बागा वाळताना आपण पाहिल्यात. रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. मग आपल्या बोअरच्या पाण्यावर हा प्रयोग व्हावा, असं आपण मागायचं की नाही?