एका खोकल्याचे अनेक धनी

पावसाळा उतरणीला लागला की धुळे-जळगावच्या बालरुग्ण विभागांत एकाच तक्रारीची बाळे येऊ लागतात. नाक वाहते, खोकला आहे, दूध ओढत नाही. आई विचारते, “कशाने झाले, डॉक्टर?” आणि प्रामाणिक उत्तर सहसा ‘कुठल्या तरी विषाणूने’ एवढेच असते. त्या ‘कुठल्या तरी’चा पिच्छा पुरवणाऱ्या या शाखेत तुमचे स्वागत.

आल्या आल्या एक हौस आवरावी लागते: नुसत्या लक्षणांवरून विषाणूचे नाव सांगण्याची. खुणा आहेत. भुंकल्यासारखा खोकला आणि बसलेला आवाज असेल तर पॅराइन्फ्लुएन्झा आठवावा; चढा ताप, लाल डोळे, घशावर पांढरा थर असेल तर अ‍ॅडिनो. पण खुणा म्हणजे पुरावा नव्हे. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरससुद्धा दम्याच्या मुलाला रात्रभर जागवतो.

तान्ह्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यासावा असा विषाणू म्हणजे आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस). 1956 साली तो अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींत सापडला आणि लवकरच विषाणूतज्ज्ञ रॉबर्ट चॅनॉक यांनी तो आजारी बालकांत दाखवला. दोन वर्षांचे होईतो जवळजवळ प्रत्येक मुलाला तो गाठतो. बहुतेकांचे सर्दीवर निभावते. पहिल्या काही महिन्यांत मात्र मुळातच अरुंद असलेल्या सूक्ष्म श्वासनलिका सुजतात, मेलेल्या पेशी आणि चिकट स्रावाने बुजतात. श्वास बाहेर पडताना अडतो, म्हणून ती घरघर. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर श्वास मध्येच थांबणे हेच पहिले लक्षण असू शकते.

आरएसव्हीचा भाऊबंद एचएमपीव्ही (ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस) 2001 साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. जानेवारी 2025मध्ये आपल्याकडे तो नवाच आल्याची घबराट उडाली. वास्तविक पुण्यातल्या मुलांत तो आढळल्याचे संशोधकांनी 2004मध्येच प्रसिद्ध केले होते. बातमी नवी होती, विषाणू नव्हे.

नाव कळेपर्यंत बाळ थांबत नाही. सातपुड्यातल्या पाड्यावर विषाणू ओळखणारी पीसीआर चाचणी नसते, घड्याळ असते. शांत बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत: दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40 किंवा त्याहून अधिक म्हणजे श्वास जलद. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ पीत नसेल, तर रुग्णालय गाठावे. विषाणू कोणता, हे नंतर.

मग नावाचा खटाटोप कशाला? फ्लू असेल तर ओसेल्टामिवीर हे औषध पहिल्या 48 तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. विषाणू सापडला, जिवाणूची खूण नाही, तर अँटिबायोटिक हात आखडून द्यावे. आणि आता आरएसव्हीविरुद्ध गरोदरपणी घ्यायची लस आहे, बाळासाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन आहे; ती कोणत्या महिन्यांत द्यावीत, हे त्या त्या भागातला हंगाम नोंदल्याशिवाय ठरत नाही. खानदेशात ही नोंद किचकट आहे. दसरा-दिवाळीनंतर धुळे-चाळीसगावकडची कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतात. तेव्हा नमुन्याच्या कागदावर गावाचे नाव लिहिताना, गेला महिना बाळ कुठे होते तेही विचारून लिहा.