न आलेल्या पाहुण्याची गोष्ट

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. जे घडले त्याचाच इतिहास लिहायचा, असा संकेतच पडून गेला आहे. परंतु जे कधी घडलेच नाही, आणि ज्याची वाट पाहण्यात शहाण्यासुरत्या माणसांची वर्षेच्या वर्षे खर्ची पडली, त्याची हकीकतही मोठी मनोवेधक असते. तशीच एक हकीकत आज मी वाचकांपुढे ठेवणार आहे. ती आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची, ॲपल ह्या संगणक कंपनीच्या घरातली. आणि ज्याची वाट पाहिली गेली त्या पाहुण्याचे नाव होते कोपलंड. एरन कोपलंड हा अमेरिकेचा विख्यात संगीतरचनाकार. त्याचेच नाव ह्या नव्या कार्यप्रणालीला दिले होते.

कार्यप्रणाली हा शब्द ऐकून कोणी पान उलटू नये. संगणकाचे यंत्र म्हणजे नुसते घर. त्या घरात कोणी कोठे बसायचे, चुलीपाशी कोणी केव्हा जायचे, फडताळातले कोणाला काय द्यायचे, हे ठरवणारी एक कर्ती बाई लागते. ती बाई म्हणजे कार्यप्रणाली. आपण पत्र लिहितो, हिशेब करतो, चित्र काढतो ते वेगवेगळे प्रोग्रॅम. ती त्या घरातली माणसे.

१९८४ च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश निघाला, तेव्हा ह्या घरात एका वेळी एकच माणूस वावरत असे. स्मरणशक्ती अवघी १२८ किलोबाइट. दुसऱ्याला जागाच नव्हती. पुढे १९८७ मध्ये एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची सोय झाली, पण ती जुन्याच वाड्याला टेकू देऊन. चूल एकच राहिली, आणि जो चुलीपाशी बसला असेल त्याने आपण होऊन उठावे, अशी अपेक्षा! तो न उठला तर बाकीचे उपाशी. शिवाय खोल्यांना भिंती नव्हत्या. एका प्रोग्रॅमने भलत्याच्या जागेत हात घातला की सगळा वाडाच कोसळायचा. मग पडद्यावर पेटत्या वातीचा एक गोल बाँब दिसे. सुझन केअर ह्या चित्रकर्तीने काढलेले ते चित्र मोठे गोजिरवाणे आहे. पण तासाभराचे न जपलेले लिखाण ज्याचे नाहीसे झाले, त्याला त्याच्या गोजिरवाणेपणाचे काय होय?

ही अडचण ॲपलच्या अभियंत्यांना ठाऊक नव्हती असे नाही. १९८८ च्या मार्च महिन्यात ते एकत्र बसले आणि पुढे काय काय करायचे ते त्यांनी रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून काढले. लवकर साधण्याजोगे ते निळ्या चिठ्ठ्यांवर, दूरचे ते गुलाबी चिठ्ठ्यांवर. निळ्या चिठ्ठ्यांतून १९९१ ची ‘सिस्टिम सेव्हन’ निघाली. भिंती आणि चुली मात्र गुलाबी चिठ्ठ्यांवर होत्या. १९९२ मध्ये आयबीएमशी सोयरीक करून त्यांच्यासाठी टॅलिजंट नावाची वेगळी कंपनी काढली. पण मॅकिंटॉशच्या घरात त्यातून काही उतरले नाही.

मग १९९४ मध्ये कोपलंडची घोषणा झाली, आणि प्रतीक्षेचे खरे पर्व सुरू झाले.

दारातली निराळीच वरात ह्याच सुमारास सजत होती. मायक्रोसॉफ्टचीही नवी कार्यप्रणाली वरचेवर लांबणीवर पडत होती. ‘शिकागो’ ह्या टोपणनावाने लोक तिला ओळखत. पण २४ ऑगस्ट १९९५ ला ती ‘विंडोज ९५’ होऊन खरोखरीच आली. रोलिंग स्टोन्सचे गाणे जाहिरातीसाठी विकत घेतलेले, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत तिच्या रंगांत उजळलेली, लंडनचे ‘टाइम्स’ त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने फुकट वाटलेले! मध्यरात्री दुकाने उघडून लोक रांगा लावून उभे राहिले, आणि पहिल्या चार दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. ॲपलने ह्यावर एक खोचक जाहिरात दिली. जुन्या डॉसमध्ये फाइलीचे नाव आठ अक्षरे, एक टिंब आणि तीन अक्षरे ह्यांत कोंबावे लागे. त्याच तऱ्हेने मोडतोड करून तिने प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले. तुम्ही आज करता ते आम्ही अकरा वर्षांपूर्वी केले, हा त्यातला टोमणा. टोमणा खराच होता. पण शेजारच्या मांडवात जेवणावळी उठत असताना आपल्या ओसरीवर बसून मारलेल्या टोमण्याला कितीशी धार राहणार?

कोपलंड का आला नाही? माझ्या मते ह्याची कारणे दोन, आणि दुसरे अधिक मोलाचे. पहिले असे की, मुहूर्त जसजसा लांबला तसतशी यादी वाढली. जो तो विभाग आपले नवे काम ह्याच गाडीत चढवू लागला, आणि शेकडो अभियंते खपत असूनही कोणतेच काम दुसऱ्याशी नीट जुळेना. दुसरे कारण म्हणजे जुने प्रोग्रॅम. ते भिंती नसलेल्या घरात वाढलेले. कर्त्या बाईच्या डब्यांत परस्पर हात घालण्याची त्यांना सवय. भिंती घालाव्या तर ते चालेनात, आणि ते चालेनात तर लोक नवी प्रणाली घेतील कशाला? ह्यावर तोडगा असा निघाला की, पाया नवा घालायचा, पण खिडक्यांतून वावरणारे सारे प्रोग्रॅम पूर्वीसारखेच एका दालनात ठेवायचे. म्हणजे ज्या भिंतींसाठी एवढा खटाटोप, त्या पुऱ्या मिळणार होत्या त्याच्याही पुढच्या ‘गर्शविन’ नावाच्या प्रणालीत! पाहुणा आला असता तरी रिकाम्या हातानेच आला असता, असे मला वाटते.

इकडे वाट पाहणे चालूच होते. १९९६ मध्ये ‘मॅक ओएस एट रिव्हील्ड’ ह्या नावाचे पुस्तकही छापून निघाले. बाळ जन्मले नाही तोच त्याचे चरित्र. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नवे प्रमुख गिल अमेलियो ह्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मेळाव्यात कोपलंडची थोरवी गायली. त्या आर्थिक वर्षी कंपनीला ८१ कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. जुलैत एलन हॅनकॉक ह्या बाई तांत्रिक प्रमुख म्हणून आल्या. त्यांनी सारे पाहिले, आणि ऑगस्टमध्ये कोपलंड बंद झाला. आल्याबरोबर असे सांगायला धैर्य लागते. ह्या साऱ्या कथेत मला सर्वांत आदर वाटतो तो ह्या बाईंविषयी.

आता प्रणाली बाहेरून आणणे भाग पडले. ॲपल सोडून गेलेले झाँ-लुई गासे ह्यांच्या ‘बी’ कंपनीशी बोलणी झाली, पण किमतीवर मोडली. २० डिसेंबर १९९६ ला जाहीर झाले की, सुमारे ४० कोटी डॉलर देऊन ‘नेक्स्ट’ ही कंपनी घ्यायची. ती काढली होती स्टीव्ह जॉब्जने, १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडल्यावर. तिच्या प्रणालीत भिंती होत्या, चुली होत्या. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेबचा पहिला प्रोग्रॅम लिहिला तो नेक्स्टच्याच यंत्रावर.

तरीही चार वर्षांहून अधिक काळ गेला. मधल्या काळात, जुलै १९९७ मध्ये, जुन्याच प्रणालीला कोपलंडच्या ट्रंकेतले काही कपडे चढवून ‘मॅक ओएस ८’ हे त्याच्यासाठी राखलेले नाव दिले. त्यात एक व्यवहारी हुशारी होती. मॅकच्या नकला विकणाऱ्या इतर कंपन्यांचे करार सातव्या आवृत्तीपुरतेच होते; आकडा बदलताच ते करार पोकळ झाले. सप्टेंबर २००० मध्ये ‘मॅक ओएस टेन’चा कच्चा खर्डा निघाला, तर लोकांनी तो तपासण्यासाठी पदरचे जवळजवळ ३० डॉलर मोजले! पक्की आवृत्ती आली २४ मार्च २००१ ला. ती मंद होती, तिला डीव्हीडीवरचे चित्रपटही दाखवता येत नव्हते. पण एक प्रोग्रॅम पडला तर बाकीचे उभे राहत.

जुन्या प्रोग्रॅमांसाठी तिच्यात ‘क्लासिक’ नावाची वेगळी खोली ठेवली होती. तिथे ते आपल्या जुन्या रीतीने, भिंतींवाचून, नांदत असत. मे २००२ मध्ये, सॅन होजेच्या मेळाव्यात, जॉब्ज व्यासपीठावर आला तेव्हा ऑर्गनचे गंभीर सूर वाजत होते. धुरातून एक शवपेटिका वर आली. तिच्यात ‘मॅक ओएस ९’चे भले मोठे खोके होते. जॉब्जने त्याचा मृत्युलेख वाचला आणि त्यावर गुलाबाचे फूल ठेवले. प्रेक्षक हसत होते. त्यांतले कित्येक जण १९९६ च्या मेळाव्यालाही हजर असतील.