जाडंभरडं म्हणजे किती जाड?

मंडळी, आज जकातीबद्दल बोलू. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्यांनी कस्टमच्या कोष्टकात कशाला डोकावावं, असं कुणाला वाटेल. पण कोणती वस्तू कोणत्या वर्गात घालायची, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं ॲरिस्टॉटलच्या नावावर शिकवला. फरक इतकाच, की वर्गात त्यावर कुणाचा पैसा लागलेला नसे.

१८७९ ची गोष्ट. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा आग्रह होता, की हिंदुस्थानात जाणाऱ्या आपल्या कापडावर जकात नको. लॉर्ड लिटनने कौन्सिलातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या कापडावरची आयात जकात उठवली. आता जाडंभरडं म्हणजे काय? आपल्याला ते हाताला लागतं. कायद्याला हात नसतो, त्याला आकडा लागतो. तो ठरला ३०. तीस नंबरपर्यंतच्या सुताचं कापड जाड, पुढचं तलम.

हा नंबर समजून घेऊ, कारण सगळं भांडण त्याचंच आहे. ८४० वार लांबीची एक लड. अशा जितक्या लडी मिळून एक पौंड भरतात, तो सुताचा नंबर. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक. २० नंबरच्या एका पौंडात १६,८०० वार सूत निघतं.

रेघ ओढली, की व्यापार तिच्या सोयीच्या बाजूला सरकतो. माफीत बसेल असं कापड जास्त येऊ लागलं. यात लबाडी नव्हती बरं का! अखेर १८८२ मध्ये रिपनच्या काळात मीठ, दारू अशा थोड्या वस्तू सोडून आयात जकातच गेली.

मग तिजोरीला ओढ लागली. मार्च १८९४ मध्ये ५ टक्के जकात परत आली, कापड वगळून. डिसेंबरात कापड आणि सूतही आत आलं, पण एक अट घेऊन: हिंदुस्थानी गिरण्यांच्या २० नंबरवरच्या सुतालाही ५ टक्के अबकारी. आमच्या मुंबईच्या गिरण्या मुख्यतः वीस आणि त्याखालचं सूत काढत. त्या रेघेखाली राहिल्या.

लँकेशायरने तक्रार केली, की जाड आणि तलम हे दोन वेगळे बाजार नाहीतच. तलम महागलं की गिऱ्हाईक जाड घेतं. तर्क म्हणून हे लंगडं नाही, हे आम्हांला कबूल करावं लागतं. लंगडा होता तो त्यावरचा उपाय. १८९६ मध्ये सुतावरचा कर दोन्हीकडून गेला, आणि विणलेल्या कापडावर ३.५ टक्के बसला, आयातीवरही आणि देशी गिरणीच्या मालावरही. म्हणजे पैसेवाल्याच्या विलायती तलम कापडाचा कर ५ वरून ३.५ वर उतरला, आणि शेतकऱ्याच्या अंगावरच्या गिरणीच्या मांजरपाटाला, ज्याच्या सुतावर कालपर्यंत काही नव्हतं, तो नव्याने लागला. हातमाग तेवढा सुटला. टिळकांनी परदेशी कापडावरच्या बहिष्काराची चळवळ उभारली ती याच वर्षी. ही अबकारी कायमची जायला १९२६ उजाडलं.

आता आजच्या आयातदाराकडे येऊ. १९८८ पासून जगात हार्मोनाइज्ड सिस्टिम आहे. तिच्यात कापसाचा अध्याय ५२ वा, आणि ५२.०५ या शीर्षकाखाली सूत डेसिटेक्सने मोजतात: दहा हजार मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये. इथे सगळं उलटं, आकडा मोठा तर सूत जाड. वीस नंबर सुमारे २९५ डेसिटेक्स भरतो. पण रेघा आहेत ७१४.२९, २३२.५६ अशा ठिकाणी. वीसची ती जुनी रेघ आता कुठेच नाही. शिवाय सूत विंचरलेलं की न विंचरलेलं, एकेरी की पीळ दिलेलं, हेही विचारतात. आणि आपल्याकडे २०११ पासून हे ठरवण्याची पहिली जबाबदारी आयातदाराचीच. बिल ऑफ एंट्रीवर वर्गीकरण तोच लिहितो. चुकलं तर फरक भरा, व्याज भरा. जाणूनबुजून केलं असं ठरलं तर दंडही.

आमचा एक जुना विद्यार्थी या धंद्यात आहे. त्याला विचारलं, तू कसं ठरवतोस? म्हणाला, ‘‘सर, पुरवठादाराच्या कागदावर विसंबत नाही. नमुना आधी प्रयोगशाळेत पाठवतो. आकडा २३२ च्या आसपास निघाला, तर दुसऱ्या गाठोड्यातून आणखी एक काढतो.’’