दाता विमानांचा इतिहास : 55 स्क्वाड्रन

श्रोतेहो, युद्धाच्या इतिहासात बॉम्ब कुणी टाकला ते ठळक लिहिलेलं असतं. त्या विमानाला तिथवर कुणी पोचवलं, ते तळटीपेत जातं. आज आपण तळटीपेतल्याच एका तुकडीकडे बघणार आहोत : ब्रिटिश हवाई दलाची 55 स्क्वाड्रन.

हवेत इंधन भरण्याची कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्याकडेही येतो. 1934 च्या सप्टेंबरमध्ये ॲलन कोबम इंग्लंडहून निघाले ते न थांबता थेट हिंदुस्थान गाठायचं ठरवून. वरच्या विमानातून सोडलेला पाइप खालच्या विमानातल्या माणसाने हाताने पकडायचा, अशी तेव्हाची रीत. थ्रॉटलच्या जोडणीत बिघाड झाला आणि माल्टातच उतरावं लागलं. पण कोबम यांनी नाद सोडला नाही. 1949 पर्यंत त्यांच्या कंपनीने आजही चालणारी पद्धत बसवली : दात्या विमानामागे लांब होज, त्याच्या टोकाला नरसाळ्यासारखी टोपली, आणि घेणाऱ्या विमानाच्या नाकावर पुढे आलेली नळी. नळी टोपलीत बसली की इंधन वाहू लागतं.

55 स्क्वाड्रनचा जन्म 1916 चा. पहिल्या महायुद्धात बॉम्बफेक, मग बरीच वर्षं इराकमध्ये मुक्काम. पुढे तिच्याकडे व्हिक्टर आलं, म्हणजे अणुबॉम्ब टाकण्यासाठी बांधलेलं विमान. मग ती टँकर तुकडी कशी झाली? एका तड्यामुळे! ब्रिटनचं टँकरचं काम तोवर व्हॅलियंट विमानं करत होती. 1964 मध्ये त्यांच्या पंखांच्या मुख्य तुळईत धातू थकल्याचं आढळलं आणि 1965 च्या जानेवारीत सगळा ताफा जमिनीवर आला. लढाऊ विमानांना हवेत इंधन द्यायला कुणी उरलं नाही. घाईघाईने काही व्हिक्टर टँकर करून घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात 55 स्क्वाड्रन ती घेऊन मारमच्या तळावर आली.

आता 1982. एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली. ब्रिटनच्या हाताशी सर्वांत जवळचा विमानतळ होता अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर. जवळचा म्हणजे किती? सुमारे 6,300 किलोमीटर, आणि परतही तिथेच यायचं. एका व्हल्कन बॉम्बरने पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर 21 बॉम्ब टाकायचे, यासाठी 55 आणि 57 या दोन स्क्वाड्रनची मिळून 11 व्हिक्टर उडाली.

एका विमानासाठी अकरा कशाला? हिमालयातल्या मोहिमेतले हमाल आठवा. दुसऱ्यांची शिदोरी वाहणाऱ्याला स्वतःलाही खावं लागतं. म्हणून टँकर टँकरला भरतो, रिकामा झालेला मागे फिरतो, आणि शेवटी एकच टँकर बॉम्बरबरोबर उरतो. हा सगळा हिशेब आदल्या दिवशी कागदावर केलेला असतो. हवामान कागद वाचत नाही.

त्या रात्री वादळात शेवटच्या टप्प्याच्या टँकरची नळी तुटली. 55 स्क्वाड्रनचे बॉब टक्सफर्ड त्याला इंधन देत होते. आता भूमिका उलट झाल्या : टक्सफर्ड यांनी दिलेलं इंधन परत घेतलं आणि पुढे तेच गेले. व्हल्कनचा खपही अंदाजापेक्षा जास्त निघाला. टक्सफर्ड यांच्यापुढे प्रश्न साधा होता. हवं तेवढं इंधन दिलं तर आपण असेन्शनला पोचत नाही, नाही दिलं तर मोहीम तिथेच संपते. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना विचारलं आणि इंधन दिलं. वर रेडिओ बंद ठेवायचा, कारण मदत मागितली तर हल्ल्याचा सुगावा लागेल. बॉम्ब पडल्याचा सांकेतिक शब्द ऐकू आला, तेव्हाच त्यांनी दुसरा टँकर मागवला. तो आला, म्हणून पाच जण परतले.

धावपट्टीवर बॉम्ब लागला तो एक. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप योग्य होता का, यावर अजून वाद चालतो. आम्हाला इथे महत्त्वाची वाटते ती पदकांची नोंद. व्हल्कनचे मार्टिन विदर्स यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला, टक्सफर्ड यांना एअर फोर्स क्रॉस. हे दुसरं पदक शत्रूशी प्रत्यक्ष लढाई सोडून इतर उड्डाणांतल्या शौर्यासाठी असतं. म्हणजे नियमाच्या भाषेत टक्सफर्ड त्या रात्री लढतच नव्हते. नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही, पण त्या नियमात टँकरवाल्यांसाठी रकानाच नव्हता, हे खरं.

1991 च्या आखाती युद्धात ही व्हिक्टर बहारीनहून पुन्हा कामाला लागली. 1993 च्या ऑक्टोबरमध्ये स्क्वाड्रन विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर व्हिक्टरची सेवाही संपली.

आपल्या हवाई दलाची टँकर तुकडी, 78 स्क्वाड्रन, 2003 पासून आग्र्याला आहे. तिचं इल्युशिन-78 विमानही होज आणि टोपलीच वापरतं. यापुढे लांब पल्ल्याच्या एखाद्या हवाई मोहिमेची बातमी आली, की आपण एक प्रश्न जरूर विचारूया : इंधन कुणी दिलं, आणि त्यांच्या स्वतःच्या टाकीत किती उरलं होतं?