किनवटची कोलामी आणि भाषाविज्ञानाचा अभ्यास

एम.ए.ला भाषाविज्ञान घ्यावं का, असं विचारायला मुलं माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न नोकरीचा असतो, आणि तो रास्तच आहे. दुसरा असतो, ‘सर, त्यासाठी परदेशात जावं लागतं ना?’ आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. ‘अर्थ म्हणजे काय’ हे शोधता शोधता भाषेकडे आलो.

आधी थोडा इतिहास. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९५५ पासून तिथे भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरू लागले. अशोक केळकर अमेरिकेत कॉर्नेलला गेले, आणि १९५८ साली पीएच.डी. केली ती मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर. म्हणजे गेले लांब, पण अभ्यासली घरचीच भाषा!

आता आपल्याकडे या. १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या राज्याच्या प्रशासनात सेतुमाधवराव पगडी होते, जन्म निलंग्याचा. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९५० साली त्यांनी कोलामीचं व्याकरण प्रसिद्ध केलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? पुढे १९५५ मध्ये एमेनो या अमेरिकी अभ्यासकाचं वर्धा भागातल्या कोलामीवरचं पुस्तक आलं. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात तर कोलामीच्या काही शब्दांपुढे खूणच आहे, किनवटच्या बोलीची. जगभरचे विद्यार्थी ती खूण वाचतात. आपल्या मुलांना मात्र कुणी सांगत नाही.

‘पण सर, हे झालं शब्द गोळा करणं. यात सिद्धान्त कुठे आहे?’ चांगला प्रश्न. ‘आम्ही जेवायला जातो’ आणि ‘आपण जेवायला जाऊ’. पहिल्या वाक्यात ऐकणारा उपाशी राहतो, दुसऱ्यात तो पंगतीला बसतो. हिंदीतलं ‘हम’ हा भेद करत नाही. सीमेपलीकडची तेलुगू करते: ‘मेमु’ आणि ‘मनमु’. आता गंमत बघा. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला, पण भेद द्राविडी शेजारातला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मग शब्द न घेता नुसती रचना उसनी घेता येते का? व्याकरणाचा कोणता भाग शेजाऱ्याच्या संगतीने बदलतो, आणि कोणता सहसा हलत नाही? हा झाला सिद्धान्त. १९५६ साली एमेनोंनी ‘भारत हे एक भाषिक क्षेत्र’ हा विचार मांडला, तो अशाच प्रश्नांतून.

एक गोष्ट मला बोचते. कोशात गावाची खूण आहे, पण शब्द सांगणाऱ्या माणसाचं नाव नाही. आजवर कोलामी माणूस माहिती द्यायचा आणि अभ्यास दुसरा करायचा. कोलामी बोलणारं मूल शाळेत आलं की ती भाषा दाराबाहेर ठेवायला शिकतं. त्याच घरातली मुलगी उद्या एम.ए.ला बसली, तर पुस्तकातलं वाक्य चूक आहे की बरोबर, हे ती कानाने सांगेल. तो अधिकार पदवीने मिळत नाही.

तेव्हा प्रवेश घ्यायचा तर जरूर घ्या. ध्वनी, वाक्यरचना, तर्क नीट शिका, कष्ट आहेत. पण त्याआधी एक वही करा. घरातल्या आजीला विचारून दहा वाक्यं उतरवा. आणि तिची परवानगी असेल, तर वर तिचं नाव लिहा.