खडकावरची वजडी

गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या घरोघरी ओळखीचे आहे. ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. मसाल्यातले शैवाक बहुधा झाडाच्या सालीवरून येते. खरोखर खडकावर राहणारे त्याचे भाऊबंद उत्तर कॅनडाच्या उजाड माळरानावर आहेत. त्यांच्या एका नोंदीची ही हकिकत.

१८१९ मध्ये जॉन फ्रँकलिन यांची मोहीम उत्तर अमेरिकेचा ध्रुवीय किनारा पाहण्यास निघाली. वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ म्हणून जॉन रिचर्डसन सोबत होते. १८२१ च्या उन्हाळ्यात २० माणसे कॉपरमाइन नदीने समुद्रापर्यंत गेली. परतताना थंडीने गाठले, शिधा संपला. मग बर्फ बाजूला सारून खडकावरचे चामड्यासारखे काळपट पापुद्रे खरवडायचे आणि उकळून खायचे, हाच आधार उरला. मोहिमेतले फ्रेंचभाषी नावाडी त्याला खडकावरची वजडी म्हणत. त्याचे शास्त्रीय नाव तेव्हा जायरोफोरा होते; आज अंबिलिकेरिया आहे. पापुद्रा मधोमध बेंबीसारख्या एकाच ठिकाणी खडकाला धरून असतो, म्हणून हे नाव.

याच वाटेवर रिचर्डसन यांना किनाऱ्यावर जमवलेल्या वनस्पती आणि खनिजे टाकून द्यावी लागली; ओझे उचलण्याचे बळ अंगात नव्हते. २० पैकी ११ जण दगावले. उरलेल्यांना नोव्हेंबरात अकाइचो या डेने प्रमुखाच्या माणसांनी अन्न आणून वाचवले.

१८२३ मध्ये मोहिमेचा वृत्तान्त छापला गेला. त्याला जोडलेल्या वनस्पतींच्या यादीत रिचर्डसन यांनी या शैवाकाच्या ४ जाती दिल्या. त्या आपण खाल्ल्या, त्यांतला कडू अंश काढण्याचे साधन नव्हते आणि कित्येकांची पोटे बिघडली, असेही तेथे नमूद केले. रॉबर्ट हुड या तरुण अधिकाऱ्याला तर ते मुळीच सोसत नव्हते.

वनस्पतिसंग्रहात अशा शैवाकाची कागदी पुडी असते. वर जातीचे नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. भूक लिहिण्यास तेथे रकाना नाही. रिचर्डसन यांनी ती यादीत लिहिली, म्हणून ती नोंद मोलाची. तरीही एक उणीव राहतेच. मृतांत ब्रिटिश एकटे हुड. बाकीचे नावाडी आणि एक इनुइट दुभाष्या. ओझी वाहिली ती मुख्यतः या नावाड्यांनी. जातीच्या नावापुढे मात्र त्यांचा उल्लेख नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी रुमालात बांधलेली जुनी दप्तरे आहेत. ती सोडाल तेव्हा सरदाराच्या नावापाशी थांबू नका. त्याचे ओझे कोणी वाहिले, तेही कागदांत शोधा.