दोन रुपयांतली स्क्वाड्रन

नाणी मोजणाऱ्याला नाणी दिसत नाहीत. हलवायाला जिलबी दिसत नाही, तसंच. आमच्या वागळे इस्टेटच्या शाखेत कॅशला बसून मी पिशव्याच्या पिशव्या मोजल्या. पण एकदा दोन रुपयांचं एक नाणं बोटाला चिकटलं. त्यावर चक्क हवाई दल!

हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पंचाहत्तरीला, २००७ साली, सरकारनं हे नाणं पाडलं. सोबत शंभराचंही निघालं, अर्ध्या चांदीचं. ते डबीत बसतं. आणि शंभराचं नाणं शंभराला मिळत नाही, हे आम्हाला बी. कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं.

हवाई दल म्हटलं की आपल्याला आभाळभर विमानं दिसतात. पहिली स्क्वाड्रन कराचीच्या ड्रिग रोडला उभी राहिली ती चार वापिती विमानांवर. चार! आमच्या शाखेत काउंटरही तेवढेच, त्यातलं एक कायम बंद. तारीख १ एप्रिल १९३३. म्हणजे आम्ही ताळेबंद करून झोपा काढतो तो दिवस.

इंग्रजांनी २०१८ साली आपल्या हवाई दलाच्या शंभरीला दोन पौंडांची पाच नाणी काढली. एकावर स्पिटफायर, एकावर व्हल्कन. विमान तरी ओळखता येतं. आपल्याकडे सगळ्या स्क्वाड्रन मिळून एक नाणं.

पेन्शनला एक काका यायचे. हवाई दलातले सार्जंट, अठरा नंबरच्या स्क्वाड्रनचे. १९७१ च्या डिसेंबरात श्रीनगरला नॅट विमानांत गोळ्या भरायचे. १४ तारखेला सहा सेबर चालून आली. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों बाँब पडत असताना उडाले, ते परतले नाहीत. हवाई दलाला मिळालेलं एकुलतं एक परमवीरचक्र त्यांचं.

मी मोठ्या कौतुकानं नाणं काकांपुढे सरकवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“यात अठरा नंबर कुठाय?”

“काका, दोन रुपयांत काय काय मावणार?”

“मावलं असतं. दोनच तर आकडे आहेत.”

पण नाणं परत दिलं नाही. रुमालाच्या टोकाला बांधलं. मी मुकाट्यानं खिशातले दोन रुपये कॅशमध्ये टाकले.

पुढच्या महिन्यात काका पुन्हा खिडकीशी. “साहेब, तशी आणखी तीन मिळतील? आमच्यातले तिघं आहेत अजून.”

जेवणाच्या सुट्टीत मी चार पिशव्या फोडल्या. एक मिळालं.